मोराच्या उजव्याला सात फाडी: ग्वाल्हेरच्या आजोळची ट्रिप

आधी ओव्या देऊन टाकते, कारण सगळी ट्रिप त्यांच्याच मागं धावण्यात गेली. आईचे काका, म्हणजे आमचे नाना, त्यांच्या वहीत त्या अशा लिहिल्यात:

दुसरी माझी ओवी, मोर कोनाडी,
मोराच्या उजव्याला सात गं फाडी.

तिसरी माझी ओवी, पाण्याची चाहूल,
आड नाही, विहीर नाही, टाक गं पाऊल.

चौथी माझी ओवी, सासरची रीत,
वाकेल त्याला वाट, ताठ्याला भिंत.

आणि खाली लाल शाईत, दोनदा अधोरेखित: "हे बीजक आहे."

आता ज्यांचं आजोळ तिकडचं नाही त्यांच्यासाठी. पुरलेल्या धनाचा पत्ता कोड्यात लिहून ठेवायचा, त्याला उत्तरेत बीजक म्हणतात, कबीराच्या ग्रंथाचं नावही तेच. ग्वाल्हेरात हा विषय निघाला की संपत नाही, कारण गंगाजळी. शिंद्यांचा मोठा खजिना किल्ल्याच्या तळघरांत होता, अडीनडीला, दुष्काळाला, लढाईला काढायचा म्हणून राखून ठेवलेला, त्याला गंगाजळी म्हणायचे. १८५८ पासून १८८६ पर्यंत किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता, १८८६ मध्ये परत मिळाला आणि त्याच वर्षी जयाजीराव महाराज गेले, तेव्हा माधवराव दहा वर्षांचेही नव्हते, म्हणून बापानं मुलाला बीजक सांगायचं राहूनच गेलं, अशी कथा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला प्रत्येक म्हातारा सांगतो आणि प्रत्येकाची थोडी वेगळी असते. नाना पोस्टात नोकरीला होते आणि त्यांनी घरातल्या बायकांच्या तोंडच्या या ओव्या उतरवून घेतल्या त्या याच नादात. आजोळच्या वाड्याच्या दिंडीपाशी कोनाड्यावर दगडी मोर आहे, त्याच्या उजवीकडची सातवी फाडी, म्हणजे चिरा, त्यांनी कधीतरी उकरली, तिथं अजून सिमेंटचा ठिगळ आहे. काही निघालं नाही म्हटल्यावर त्यांनी ठरवलं की मोर वाड्यातला नसून किल्ल्यावरचा असणार! वहीची पुढची पानं किल्ल्याच्या नकाशांनीच भरलीत.

वही यंदा मामाला माळ्यावर सापडली, त्यानं फोटो पाठवले, आणि मी, लेक आणि मुंबईचा मामेभाऊ (मी त्याला दादाच म्हणते) असे दिवाळीनंतर निघालो. नवऱ्याला सुट्टी नव्हती, असती तरी तो आला नसता, त्याला कोडी आवडत नाहीत.

शुक्रवार

झेलम पुण्याहून संध्याकाळी निघते, दौंड, नगर, मनमाड करत रात्र जाते आणि डोळे उघडतात तेव्हा तुम्ही मध्य प्रदेशात असता. दादा आदल्या रात्री पुण्याला येऊन आमच्याबरोबरच बसला होता. भोपाळला एक काकू चढल्या, झाशीला भाचीकडे चाललेल्या, मराठी ऐकून लगेच आमच्यात सामील, मेथीचे ठेपले वगैरे निघाले. दादा मोबाईलवर वहीचा फोटो मोठा करून मला वाचून दाखवत होता तर काकूंनी मध्येच विचारलं, "अहो, पण पहिली कुठाय? दुसरीपासून कोण ओव्या सुरू करतं?"

आम्ही दोघंही गप्प. मग फोटो खाली सरकवला तर समासात नानांचं बारीक अक्षर: "पहिली नेहमीची, देवाची. सोडून दिली."

काकू म्हणाल्या, "पुरुषमाणसानं उतरवली असेल." आणि ठेपले पुढे केले.

दुपारनंतर ग्वाल्हेर. मामा स्टेशनवर आलेला, गाडीत बसल्याबसल्या त्याचं तिकडचं मराठी सुरू, "काय करून राहिली तू पुण्यात, येत नाहीस का जात नाहीस." वाडा लष्करात एका गोठीत आहे. गोठ म्हणजे एकेका सरदाराची वस्ती, दौलतरावांनी १८१० मध्ये उज्जैनहून इथं तळ हलवला, लष्कर उतरलं तेच पुढे शहर झालं आणि नावही लष्करच राहिलं. कुठली गोठ ते मुद्दाम सांगत नाही. आमचे कोणी सरदार वगैरे नव्हते, सरदारांचे कारकून होते, पण वाडा मात्र पिवळट वालुकाश्माचा, जाळ्याबिळ्या कोरलेला, ग्वाल्हेरात दगड स्वस्त होता आणि पाथरवट हुशार, त्यामुळे कारकुनाच्या घरालाही नक्षी.

शनिवार

नानांचा मान राखायला आधी किल्ला. मामा म्हणाला गाडीनं उरवाई दरवाज्यानं वर जाऊ, दादा म्हणाला नाही, नानांनी ज्या वाटेनं शोधलं त्याच वाटेनं, म्हणून पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाज्यानं पायी. ही चढण चांगली दमवते पण दरवाजे एकामागून एक बघायचे तर हीच वाट. पहिला आलमगिरी, औरंगजेबाच्या काळातला, १६६० चा, मग हिंडोला, गणेश, लक्ष्मण आणि सगळ्यात वर हाथी पौर. लक्ष्मण दरवाज्याच्या जरा आधी अख्ख्या खडकातून कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं, बहुतेक लोक धापा टाकत त्याच्यासमोरून निघून जातात. थांबा तिथं. आत इ.स. ८७६ चा शिलालेख आहे, देवाच्या फुलांसाठी दिलेली बाग २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, रोज ५० माळा, असा हिशेब, आणि त्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच, गोल, जरा लहान. आपल्याकडच्या दगडात कोरलेल्या जुन्यातल्या जुन्या शून्यांपैकी हे एक. जगभरचे गणितवाले ते बघायला येतात आणि लेक म्हणाली, "एवढंसं?" ठीक आहे, एवढंसंच आहे.

वर मानमंदिर. राजा मानसिंग तोमराचं, पंधराव्या शतकाच्या शेवटचं, बाहेरून निळ्या फरशा आणि त्यावर पिवळ्या बदकांची रांग, हत्ती, केळीची झाडं, मगरी. नानांचा मोर इथला. आतल्या चौकात कोरीव घोडे आहेत, म्हणजे छज्जाखालचे आधार हो, त्यातले काही मोराच्या आकाराचे, आणि नानांनी वहीत प्रत्येकाला नंबर दिलाय! दादानं त्यातल्या एकाच्या उजवीकडून सात दगड मोजले, तिथं खाली जाणारा जिना निघाला, आणि दोन सेकंद आमच्या अंगावर खरंच काटा आला, पण तो सगळ्या पर्यटकांसाठीचाच जिना आहे, गाईड तिथूनच नेतात.

खाली दोन मजले आहेत. गोल दालनात आठ खांब आणि कड्या, मानसिंगाच्या राण्यांचे झोपाळे म्हणे, मग मोगलांनी त्याचा तुरुंग केला, औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुराद याच किल्ल्यावर १६६१ मध्ये मारला गेला. भिंतींत नळीसारखी भोकं आहेत, वरच्या मजल्यावरून खाली बोलायला. लेकीनं एका भोकात तोंड घालून "नानाऽऽ" केलं आणि पलीकडून कुठल्यातरी भोपाळच्या सहलीतल्या मुलानं "हांऽऽ बेटा" केलं.

तिसऱ्या ओवीसाठी नानांनी अस्सी खंबा बावडी धरली होती. पायऱ्या आहेत, पाणी आहे, खांब आहेत, पण बावडी म्हणजे विहीरच ना, आणि ओवीत तर सरळ म्हटलंय विहीर नाही. मामाला हे सांगितल्यावर तो नानांची बाजू घेऊन चिडला. सासबहूचं मंदिर बघितलं, तेली का मंदिर बघितलं, शंभर फुटांच्या आसपास उंच आणि इंग्रजांनी त्याचा मध्यंतरी सोडावॉटरचा कारखाना केला होता, ही माहिती मामा दरवर्षी त्याच संतापानं सांगतो.

जेवण दाता बंदीछोड गुरुद्वारात, लंगरमध्ये. गुरू हरगोबिंदांना जहांगीरनं इथं कैदेत ठेवलं, सुटताना त्यांनी ५२ राजांनाही सोडवून नेलं, ते ठिकाण. डाळ अप्रतिम.

लंगरनंतर तटावर बसलो तेव्हा दादानं पॉपहॅमची गोष्ट सांगितली, आणि खरं सांगायचं तर गुप्त दाराची या किल्ल्यावरची एकच पक्की गोष्ट ती. १७८० चा ऑगस्ट, किल्ला महादजींचा. कंपनीचा कॅप्टन पॉपहॅम खाली. वेढा घालायला तोफा पुरेशा नाहीत. गोहदच्या राण्याची माणसं इंग्रजांकडून, त्यांच्यातल्या वाटा माहीत असणाऱ्या लोकांनी, म्हणजे इतिहासवाले ज्यांना सरळ दरोडेखोर लिहितात त्यांनी, कुठून चढता येतं ते दाखवलं. आधी १६ फूट तासलेला कडा, मग ४० यार्ड उभा चढ, मग ३० फूट तट. शिड्या तयार केल्या, शिपायांना कापूस भरलेले लोकरी बूट घातले, दगडावर आवाज होऊ नये म्हणून, आणि पहाटेच्या आत वर. किल्ला राण्याला दिला, महादजींनी १७८३ मध्ये परत घेतला. १८५८ च्या जूनमध्ये मात्र गुप्तबिप्त काही नाही, रोझ आणि वॉलर नावाचे दोन इंग्रज लेफ्टनंट लोहार बरोबर घेऊन एकेक दरवाजा फोडत वर आले, रोझ तिथंच मेला. मामाचं म्हणणं, पॉपहॅमला वाट सांगणाऱ्यांकडेही एखादं कवन असणार. असेल बाबा.

रविवार

सकाळी बेडई आणि बटाट्याची तिखट भाजी, नया बाजारात लाडू, आणि मग उरवाईच्या बाजूनं जैन मूर्ती. पंधराव्या शतकात, तोमरांच्या काळात कोरलेल्या, सगळ्यात उंच ऋषभनाथ ५७ फूट. बऱ्याच मूर्तींचे चेहरे नंतर बसवलेले कळतात, बाबरनं आपल्या आठवणींतच लिहून ठेवलंय की मोडायला सांगितल्या. यावर जास्त लिहीत नाही, जाऊन बघा, मान दुखेपर्यंत बघत राहाल.

दुपारी माईकडे. माई म्हणजे नानांची धाकटी बहीण, मुरारला मुलाकडे असते, नव्वदीच्या आसपास, कान गेलेत पण गळा शाबूत. वाटेत फूलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीला उतरलो, ते आमच्या घरात न सांगता होतंच.

माईला वहीतलं वाचून दाखवलं तर तिला काही लागेना. "हे काय वाचतेस? ओवी वाचतात का?" मग ती पलंगावर मांडी घालून बसली, एक हात पुढं केला, मूठ वळली, आणि हात गोल गोल फिरवायला लागली, समोर जातं असल्यासारखा, आणि मग तोंडातून आपोआप निघालं:

पहिली माझी ओवी, खुंटा गं हाती,
उगवता नारायण माझिया पाठी.

पुढच्या तिन्ही जशाच्या तशा. दादानं रेकॉर्ड केलं, दोनदा गाऊन घेतलं.

आता बघा, नानांनी "नेहमीची" म्हणून जी सोडली तिच्यातच सगळं. उभं कुठं राहायचं तर उभं राहायचंच नाही, बसायचं, जात्यावर. खुंटा हातात. दळण पहाटेचं, सूर्य उगवेल तो पाठीमागं, म्हणजे तोंड पश्चिमेला. दिंडीतल्या मोराचा काही संबंधच नाही, दिंडीत जातं कोण मांडेल? मी माईला मोठ्यानं विचारलं, हे कशाबद्दल आहे? ती म्हणाली, आई म्हणायची तळाच्या खोलीची वाट आहे, गदरमध्ये, म्हणजे सत्तावनच्या बंडात, घरातल्या बायकामुली खाली बसल्या होत्या, माझ्या आजीच्या वेळी नळ आला आणि बंद केलं. धन आहे का माई? तर म्हणे, "धन असतं तर आम्ही सांगितलं असतं का नानाला?"

परतताना लेकीसाठी तानसेनाच्या कबरीपाशी थांबलो, चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुधारतो म्हणतात, लेकीनं खाल्ला, फरक नाही.

सोमवार

गुजरी महाल सोमवारी बंद, त्यामुळे दिवसभर वाडाच.

जातं स्वतः आता चौकात पडलेलं आहे, त्याच्यावर तुळशीची कुंडी. मूळचं कुठं होतं? मामाला माहीत नाही. मामी तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, "कोठीच्या खोलीत. खड्डा आहे की तिथं, पिंप हलतं त्याच्यावर ठेवलं की." स्वैपाकघराच्या मागची कोठीची खोली, म्हणजे जुनं माजघर, तिथं फरशीवर खरंच एक उथळ गोल घासलेला खड्डा. पिंप सरकवलं, लेकीला तिथं बसवलं, तोंड पश्चिमेला. समोरच्या भिंतीत तीन कोनाडे, तिन्ही डबे-बरण्यांनी गच्च. मोर कुठाय?

"तो पक्षी ना?" मामी म्हणाली. "मधल्याच्या वर आहे. मी त्याच्यावर दरवर्षी डिस्टेंपर मारते."

हळदीचा डबा काढून बॅटरी मारली तर कोनाड्याच्या माथ्यावर, पिढ्यानपिढ्यांच्या चुन्याखाली, पिसारा फुलवलेला मोर, बोटानं चाचपला तर कळतो, डोळ्यांना निव्वळ टेंगूळ. मामा दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला नानांना ही मोराची गोष्ट कुणी सांगितली का नाही. मामी: "नाना या खोलीत आले होते का कधी? पाणी पण बाहेर बसून मागायचे."

मग वाद. दादानं उजवीकडं सात फरश्या मोजल्या, तिथं खिडकी. मामानं पण उजवीकडंच मोजल्या, हट्टानं पुन्हा. मी म्हटलं ओवीत आपला उजवा म्हटलेलंच नाही, मोराचा उजवा म्हटलंय, आणि मोर तर आपल्याकडं तोंड करून आहे. म्हणजे आपल्या डाव्या हाताला. मोजल्या डावीकडे सात. सातवी फरशी भिंतीतल्या फडताळासमोर, ते जुनं लाकडी, खाली दोन कप्पे, वर दोन.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं सब्बल आपटून बघितली, कान लावला, आणि म्हणाला, "बाईसाब, ये तो ठोस है, नीचे कुछ नहीं." सहावीही ठोस, आठवीही ठोस. मामा लगेच किल्ल्याकडं वळायला तयार! दादा म्हणाला अंतर पावलांत असेल. मी तर चहा करायला गेले.

सुटलं ते मिठावरून. मामी बरण्या परत लावत होती आणि मी तिला विचारलं की या फडताळात काही का ठेवत नाहीस, सगळं कोनाड्यात कोंबलंयस, तर म्हणाली, खालच्या कप्प्यात मीठ ठेवलं की पाणी सुटतं, पापडाला बुरशी येते, उन्हाळ्यात पण, सासूबाईंनीच सांगितलेलं, तिथं काही ठेवू नकोस. मे महिन्यात ग्वाल्हेरात पारा ४५ च्या पुढं जातो, कपडे दोरीवर टाकता टाकता वाळतात, आणि तिथं मिठाला पाणी? आणि ना जवळ आड ना विहीर.

पाण्याची चाहूल! फरशी उचलायची नव्हतीच, फरशीवर पाऊल टाकून उभं राहायचं आणि वाकायचं. खालचा कप्पा कमरेएवढाही उंच नाही. मिस्त्री पालथा पडून आत शिरला, पाठीमागच्या भिंतीवर टकटक केलं आणि त्याचा आवाजच बदलला, "लकड़ी है, लकड़ी है ये!" भिंतीच्याच रंगानं रंगवलेली फळी, चौकटीला खिळ्यांनी ठोकलेली. खिळे गंजून गेलेले, एकेक काढायला तासभर गेला, मामानं मध्ये तीनदा सांगितलं की फळी फोडू नको, सागवान आहे.

फळी निघाली तशी गार हवा आली आणि ओल्या मातीचा वास. बॅटरीच्या उजेडात खाली जाणाऱ्या पायऱ्या. कुणी काही बोलायच्या आत मामी म्हणाली, आज कोणी उतरणार नाही. दादाचा एक मित्र बांधकाम खात्यात इंजिनियर आहे, त्याला फोन केला, त्यानंही तेच सांगितलं, बंद जागेत वर्षानुवर्षं हवा कोंडलेली असते, रात्रभर उघडं ठेवा, समोर पंखा लावा, सकाळी मी येतो. रात्री लेक कोठीच्या खोलीच्या दाराशी गादी टाकून झोपली, मामी तिच्याजवळ, आणि मामा तीन वाजता उठून पंखा चालू आहे ना बघून आला.

मंगळवार

इंजिनियर साहेब हेल्मेट घालून आले. आधी दोरीला तसराळं बांधून त्यात पणती पेटवून खाली सोडली, ती नीट तेवत राहिली तेव्हाच तो उतरला, छताच्या पट्ट्या ठोकून बघितल्या, एका पट्टीला तडा होता, तिच्याखाली लाकडी टेकू लावून घेतला, आणि मग म्हणाला दोघं दोघं या, जास्त नको.

फडताळातून बसूनच शिरावं लागतं, आणि तिसऱ्या पायरीवर पुन्हा एक आडवा चिरा इतका खाली आहे की तिथं दुसऱ्यांदा वाकायचं. मी वाकले, लेकीला गरज नव्हती. मामा "किती पायऱ्या आहेत" असं मागं वळून विचारत ताठ उतरला आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ. वरून मामी: "चौथी माझी ओवी…" इतकं हसलो की इंजिनियर ओरडला.

खोली आमच्या पुण्याच्या फ्लॅटच्या बेडरूमएवढी. भिंती नुसत्या दगडाच्या, दोन बाजूंना बसायला दगडी कट्टा, दिव्याचे कोनाडे, त्यांच्यावर काजळी. आणि पश्चिमेच्या भिंतीत खिडकीएवढं एक भोक, विटांनी बुजवलेलं, विटांच्या सांध्यांतून पाणी पाझरत होतं, बारीक, पण सतत. भोकाच्या उंबऱ्याच्या दगडावर खोल वळ, बोट आत जाईल इतके. दोरीचे. मी आधी इतिहासात वाचलेलं भुयार वगैरे शोधत होते, इंजिनियरनं ते वळ बघितले आणि लगेच म्हणाला, इथून पाणी ओढायचे.

मग सगळं जुळलं. मागच्या वाड्याला मोठी विहीर होती, आता तिच्यावर स्लॅब आहे आणि बोअरची मोटर. आमची खोली त्या विहिरीच्या भिंतीला लागून आहे, आणि भोक विहिरीच्या पोटात उघडायचं. बाहेरच्या आडावर पुरुषांसमोर न जाता, दळण झालं की त्याच खोलीतून खाली उतरून घागर सोडायची. विहीर आपली नाही, आड आपल्याकडे नाही, पण पाणी आहे. मागच्यांच्या परवानगीनं होतं की चोरून, यावर मामा आणि दादा अजून भांडतायत. माझं मत चोरून नाही, एवढं भोक पाडायला पाथरवट लागतो, आवाज होतो, शेजारी बहिरे नसतात. आणि ओवी कशासाठी तर नवी सून येणार, तिला पहाटेच्या अंधारात वाट माहीत हवी, पण आल्यागेल्यासमोर बोलायचं नाही, म्हणून दळता दळता सासू गाणार आणि सून ऐकणार. फळी ठोकल्यावर सुद्धा पाठ म्हणून म्हणत राहिल्या, सवयीनं.

सापडलं काय? फुटक्या घागरीचा काठ, एक गंजलेली कडी, लाकडी रहाटाची खुंटी. गंगाजळी नाही. मामा कट्ट्याखाली हात घालून घालून बघत होता, त्याला शेवटी एक कुंकवाची लाकडी डबी मिळाली, रिकामी, ती त्यानं खिशात घातली आणि म्हणाला माईला देतो.

संध्याकाळी माईला व्हिडिओ कॉल. तिला ते पायऱ्याबियऱ्या नीट दिसलं नसावं, तिनं एवढंच विचारलं, "पाणी आहे का अजून?"

बुधवार

शिंद्यांच्या जयविलास महालातलं म्युझियम राहिलंच, झुंबरं आणि जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी बघायची म्हणून लेक रुसली, पण मी पूर्वी बघितलंय. त्याऐवजी तिघरा धरण. माई म्हणाली ना "नळ आला", तो ज्याच्यामुळे आला ते हेच. सांक नदीवर, १९१६ चं, आणि दरवाजे विश्वेश्वरय्यांचे, पाणी ठराविक पातळीला आलं की आपोआप उघडणारे. हे स्वयंचलित दरवाजे त्यांनी सगळ्यात आधी १९०३ मध्ये आमच्या खडकवासल्याला बसवले होते, तिथून हे तिघरा. धरण पुढच्याच वर्षी फुटलं, खालचा वालुकाश्म पाझरला, पुन्हा बांधावं लागलं. तिथं उभं राहून मी लेकीला सांगत होते की खडकवासल्याचे दरवाजे इथं आले म्हणून पणजीच्या सासूचं पाणी ओढणं सुटलं, तर ती म्हणे मग फळी विश्वेश्वरय्यांनी ठोकली का. एका अर्थानं हो.

थंडी चांगली पडली होती, गजक आणि लाडू घेतले, रात्रीची गाडी.

जाणाऱ्यांसाठी: ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा, पण डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या कितीही उशिरा धावतात हे धरून चाला. किल्ला ग्वाल्हेर दरवाज्यानं चढा, उरवाईनं उतरा, उलटं केलंत तर चतुर्भुज मंदिरापर्यंत पाय उरत नाहीत. पाण्याची बाटली न्या. वाडा बघायला येऊ का असं ओळखीच्यांपैकी बऱ्याच जणांनी मामाला विचारलंय. तडा गेलेली पट्टी बदलून होईपर्यंत नाही. फळीला आता बिजागरी बसवल्यात आणि किल्ली मामीकडे आहे, कारण खाली उन्हाळ्यातही गार असतं आणि तिला तिथं लोणच्याच्या बरण्या ठेवायच्यात, फक्त मीठ वर.